इंग्रजीच्या वर्गात खेळ आणि नाट्य: भाषा येते कुठे, गोंधळ होतो कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या चाळीस जणांच्या वर्गात संवाद, रोल-प्ले, शब्दांचे खेळ असं सगळं करून पाहिलं. वर्ग खूश असतो, पण निम्मा वेळ मातृभाषेतच बोलणं चालतं. चारपाच धीट मुलं सगळं मारून नेतात, बाकीची हसत बसतात. तास संपल्यावर आज नेमकं काय शिकवलं हे सांगता येत नाही. यातून इंग्रजी खरंच येतं का? येत असेल तर हे बसवायचं कसं?

येतं, पण नुसता खेळ घेतला म्हणून येत नाही. बरीच वर्षं मी मुलांना आणि मोठ्यांनाही नाट्याच्या अंगाने इंग्रजी शिकवतो आहे. फसलेला खेळ उलगडून पाहिला की बहुतेक वेळा एकच गोम सापडते: इंग्रजी न बोलताही तो खेळ जिंकता येत होता. म्हणून कुठलाही खेळ घेण्याआधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो. यातून इंग्रजी काढून घेतलं तर हा खेळ चालू राहील का? उत्तर ‘हो’ असेल तर तो मधल्या सुट्टीत घ्यावा. फळ्यावर एकेक अक्षर सांगत लपलेला शब्द ओळखायचा खेळ बघा. सगळ्यांचा लाडका, पण पंधरा मिनिटांत मुलांच्या तोंडून ए, ई, एस, टी यापलीकडे काही निघत नाही. अक्षरांच्या चौकटीत शब्द शोधून गोल करण्याच्या खेळात तर तेवढंही नाही.

भाषा बोलण्याची गरज पडल्याशिवाय ती तोंडात येत नाही, हे भाषाशिक्षणात पूर्वीच लक्षात आलेलं आहे. कॅनडातल्या काही शाळांत इंग्रजी घरांतली मुलं सगळे विषय फ्रेंचमधून शिकत. मेरिल स्वेन यांनी त्यांचा अभ्यास करून १९८५ मध्ये मांडलं, की वर्षानुवर्षं फ्रेंच कानावर पडून ती मुलं समजायला पटाईत झाली, पण बोलण्या-लिहिण्यात मागेच राहिली. नेमकं, पूर्ण वाक्य बोलण्याची निकड वर्गात त्यांच्यावर फारशी येतच नव्हती. खेळाने ही निकड निर्माण करायची असते. मजा ही त्याच्यासोबत येणारी गोष्ट.

आता तुमचा रोल-प्ले का फसतो ते बघू. ‘तू दुकानदार, तू गिऱ्हाईक, चला बोला’ असं सांगितलं की दोघांनाही सगळं माहीत असतं. विचारण्यासारखं काही उरत नाही. कुणाचं काही अडत नाही, कुणी हरत नाही. मग मुलं पाठ्यपुस्तकातला संवाद घडाघडा म्हणून मोकळी होतात किंवा टवाळी सुरू करतात. दोष त्यांचा नाही. त्या प्रसंगात नाट्यच नाही. दोघांकडे वेगवेगळी माहिती हवी आणि दोघांचा हेतू एकमेकांच्या आड यायला हवा.

माझा एक हुकमी खेळ सविस्तर सांगतो. हरवलेल्या सामानाची खिडकी. जोडीतला एक कारकून, दुसरा प्रवासी. कारकुनाच्या चिठ्ठीवर तीन बॅगांचं वर्णन असतं. तिन्ही काळ्या, तिन्ही मध्यम आकाराच्या. पहिलीची चेन तुटलेली, आत दोन पुस्तकं आणि निळा स्वेटर. दुसरीच्या मुठीला लाल फीत, आत छत्री आणि किल्ल्या. तिसरीची चेन तुटलेली, आत छत्री आणि चष्मा. प्रवाशाच्या चिठ्ठीवर फक्त त्याच्या बॅगेचं वर्णन: तिसरी, काल संध्याकाळी गाडीत राहिलेली. चिठ्ठ्या एकमेकांना दाखवायच्या नाहीत. कारकुनाला ताकीद असते, ‘तीन खुणा पटल्याशिवाय बॅग द्यायची नाही.’ प्रवाशाला सांगितलेलं असतं, ‘चार मिनिटांत तुझी पुढची गाडी सुटते.’

पहिल्या फेरीत काय होतं? प्रवासी म्हणतो, ‘ब्लॅक बॅग, माय बॅग.’ कारकून म्हणतो, ‘थ्री ब्लॅक बॅग. व्हॉट इनसाइड?’ प्रवासी, ‘अम्ब्रेला.’ कारकून चिठ्ठी बघतो, छत्री दोन बॅगांत आहे, आणि तो मनापासून म्हणतो, ‘नॉट इनफ!’ या ‘नॉट इनफ’साठी मी हा सगळा खटाटोप करतो. इथे मुलाला दुसरं वाक्य शोधावंच लागतं. व्याकरण मोडकं असलं तरी या फेरीत मी मध्ये पडत नाही. फिरतो, ऐकतो आणि वहीत टिपतो.

फेरी थांबवून फळ्यावर तीन-चार वाक्यं लिहितो, कुणाचं नाव न घेता: ‘व्हॉट इज इनसाइड इट?’, ‘द झिप इज ब्रोकन’, ‘आय लेफ्ट इट ऑन द ट्रेन’. ऐकलेली चूक आणि तिच्याशेजारी बरोबर वाक्य. मग जोड्या बदलतात, चिठ्ठ्या बदलतात आणि वेळ चारवरून तीन मिनिटांवर येतो. तिसऱ्या फेरीला दोनच मिनिटं आणि एक पेच: एकाच बॅगेवर दोन प्रवासी हक्क सांगतात. आता ‘इट्स माइन’ आणि ‘नो, इट इजन्ट हर्स’ हे मी शिकवावं लागत नाही, मुलं मागून घेतात. तेच वाक्य ओळीने दहा वेळा म्हणायला सांगितलं असतं तर वर्ग जांभया देत बसला असता. इथे मुलं तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतात, कारण समोरचा माणूस दर वेळी नवा आहे आणि बॅग अजून हातात पडलेली नाही.

बरेच शिक्षक पहिली फेरी झाली की ‘छान!’ म्हणून पुढच्या धड्याकडे वळतात. खरं शिकणं दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत होतं. वेळ कमी असेल तर दोन खेळ एकेकदा घेण्यापेक्षा एकच खेळ तीनदा घ्या.

चार धीट मुलांची अडचण बरीचशी गणिताची आहे. चाळीस मुलं, वीस जोड्या. एकेक जोडी पुढे बोलावली तर चाळीस मिनिटांच्या तासात जोडीला दोन मिनिटं मिळतात, म्हणजे प्रत्येकाला जेमतेम एक मिनिट बोलायला. उरलेली एकोणचाळीस मिनिटं तो प्रेक्षक. वीसही जोड्या एकदम बोलल्या तर दहा मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. वर्गात गलका होतो हे खरं, पण तो इंग्रजीचा गलका असतो. ‘चुकला तो बाद’ पद्धतीचे खेळ मी बंदच केले आहेत. त्यात ज्याला सरावाची सर्वात जास्त गरज, तोच पहिला बाहेर जाऊन बसतो.

मातृभाषेचं काय? दंड लावू नका, ‘इंग्लिश ओन्ली’च्या पाट्याही नकोत. त्याने मुलं गप्प होतात, इंग्रजी बोलायला लागत नाहीत. मी जमिनीवर खडूने एक रेघ मारतो. रेघेच्या आत पात्र आणि इंग्रजी. रेघेबाहेर स्वतःच्या भाषेत काहीही विचारा, ठरवा, भांडा. ‘हे कसं म्हणायचं?’ असं विचारायला मुलं बाहेर येतात, वाक्य घेऊन आत जातात. ती कुठे अडून मातृभाषेवर उडी मारतात ते टिपून ठेवा. उद्याच्या तासाचा धडा तिथेच तयार मिळतो, पुस्तक उघडायची गरज पडत नाही.

लाजाळू मुलांबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण ‘ती मुलं नाट्यात येतच नाहीत’ असा सर्रास समज आहे. माझा अनुभव उलटा आहे, पण एका अटीवर: त्यांना ‘स्वतः’ म्हणून उभं करायचं नाही. परकी भाषा बोलताना माणूस स्वतःलाच थोडा परका वाटतो आणि त्याची त्याला भीती वाटते. अलेक्झांडर गिओरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकन लोकांना थोडंसं मद्य दिल्यावर त्यांचे थाई भाषेतले उच्चार सुधारलेले आढळले. हा उपाय वर्गात अर्थातच चालायचा नाही! पण आवळून धरलेला ‘मी’ जरा सैल झाला की जीभही सैल होते, हे त्यावरून ध्यानात येतं. सैल करण्याचे आपले मार्ग वेगळे: मुखवटा, हातातली बाहुली, पाठीला पाठ लावून केलेला फोनचा प्रसंग, दुसरं नाव. बल्गेरियातल्या गिओर्गी लोझानोव्ह यांच्या पद्धतीत तर प्रौढ विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी नवं नाव आणि नवा व्यवसाय दिला जाई. चूक झाली तर ती त्या पात्राची. बाहुली चुकली म्हणून कुणी रडत नाही.

आणखी एक रस्ता शब्दांविनाच सुरू होतो. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल १९७३ मध्ये पेरू देशात एका साक्षरता मोहिमेत काम करत होते. तिथल्या लोकांच्या मातृभाषा अनेक. अशा ठिकाणी त्यांनी शरीरांतून ‘चित्रं’ उभी करण्याची रीत वापरली. वर्गात ती अशी चालते. तीन-चार मुलं एक प्रसंग गोठवून उभी राहतात, म्हणजे पुतळेच. कुणी हात पसरलेला, कुणी पाठ फिरवलेली. एक शब्दही नाही. बाकीचे एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून तो पुतळा मनात काय म्हणतोय ते इंग्रजीत बोलतात: ‘आय अॅम लेट अगेन.’ ‘शी इजन्ट लिसनिंग टु मी.’ ज्याला बोलायची हिंमत नाही तो पुतळा होतो, आणि वर्गातली सगळी इंग्रजी वाक्यं त्याच्याविषयी असतात. असे दोन-तीन तास गेले की तो पुतळा स्वतःहून एखादं वाक्य टाकतो. त्याआधी मी त्याला ढकलत नाही.

शिक्षकानेही खेळात उतरावं. ब्रिटिश नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट शिक्षकानेच पात्र होऊन वर्गाशी बोलण्याची पद्धत वापरत. भाषेच्या वर्गात मी ती सरळ उचलली, फक्त पात्र निवडताना एक पथ्य पाळतो. राजा, न्यायाधीश, मुख्य डॉक्टर होत नाही. हुकूम देणारं पात्र घेतलं की शिक्षक तसाच राहतो, वर कपडे तेवढे बदलतात. मी होतो गोंधळलेला, काहीच न कळणारा माणूस. संग्रहालयाचा नवा रात्रपाळीचा पहारेकरी, आजच रुजू झालेला. मुलं तिथले जुने, जाणते लोक. ‘प्लीज, व्हॉट डू आय डू इफ द बेल रिंग्ज?’ असं मी काकुळतीला येऊन विचारतो आणि मुलं मला शिकवायला लागतात: ‘डोन्ट ओपन द डोअर!’, ‘यू मस्ट कॉल अस फर्स्ट!’ आज्ञार्थ, ‘मस्ट’, ‘मस्टन्ट’, ‘इफ’ हे सगळं मुलांच्या तोंडून माझ्याकडे येतं. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की यांनी १९३३ च्या एका व्याख्यानात म्हटलं होतं, की खेळात मूल जणू स्वतःपेक्षा वीतभर उंच असतं. अशा वेळी ते बघायला मिळतं.

पात्रात असताना चुकाही हाताळता येतात. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी १९९७ मध्ये वर्गातल्या दुरुस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षक सर्वात जास्त वापरतात ती रीत म्हणजे मुलाचं वाक्य सुधारून त्याला परत ऐकवणं, आणि मुलं नेमकी तीच सर्वात कमी उचलतात. त्यांना वाटतं, सरांनी ‘हो’ म्हटलं. म्हणून माझा पहारेकरी मुलाचं वाक्य सुधारत नाही, त्याला ते कळतच नाही. मूल म्हणतं, ‘द थीफ कम यस्टर्डे.’ मी घाबरून विचारतो, ‘ही इज कमिंग? नाऊ?’ मूल वैतागून ओरडतं, ‘नो! ही केम! यस्टर्डे!’ दुरुस्ती त्याची त्याने केली, आणि ‘केम’ का म्हणायचं हे त्याला आता वेगळं सांगावं लागत नाही.

प्रयोगाविषयी, म्हणजे नाटक बसवण्याविषयी, माझं मत जरा तिखट आहे. वर्षाअखेरीचं मोठं नाटक, भाड्याचे पोशाख, दोन महिने तालमी, हा भाषेच्या दृष्टीने तोट्याचा सौदा आहे. नायकाला साठ वाक्यं, झाडाला एकही नाही. शिवाय पाठांतर करताना मुलाचं सगळं लक्ष ‘पुढचा शब्द कुठला’ याकडे असतं, अर्थाकडे नसतं. त्याऐवजी चौघांचा गट, तीन मिनिटांचा प्रवेश, संहिता हातात. पाठ करायचं नाही, वाचायचं, पण पात्र म्हणून वाचायचं. रंगमंच नको, एक गट दुसऱ्या गटासमोर करतो. ऐकणाऱ्यांना काम दिलेलं असतं: ‘यातला खोटं कोण बोलतोय?’ उत्तर द्यायचं म्हणजे नीट ऐकावंच लागतं.

भाषा येते ती तालमीत. एकच ओळ दहा प्रकारे म्हणून बघायला तालीम हे सबळ कारण आहे. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी मॉस्कोच्या स्टॅनिस्लाव्हस्कींच्या नाट्यगृहातल्या एका नटाची गोष्ट नोंदवली आहे. ‘आज संध्याकाळी’ एवढ्याच शब्दांतून नुसत्या आवाजाच्या चढउताराने चाळीस वेगवेगळे अर्थ पोचवायचे, अशी परीक्षा त्याला द्यावी लागली होती. मी वर्गात तिचं बाळरूप वापरतो. ‘आय डिडन्ट टेक युअर बुक.’ ‘आय’वर जोर दिला तर दुसऱ्या कुणीतरी घेतलं. ‘टेक’वर दिला तर घेतलं नाही, नुसतं बघितलं. ‘युअर’वर दिला तर घेतलं, पण दुसऱ्याचं. ‘बुक’वर दिला तर पुस्तक सोडून बाकी काहीतरी नक्कीच लंपास केलंय. एक मूल वाक्य म्हणतं, समोरचा त्याला साजेसं उत्तर देतो: ‘देन हू डिड?’ किंवा ‘देन हूज बुक डिड यू टेक?’ उत्तर चुकलं की जोर चुकला हे दोघांनाही लगेच कळतं.

उच्चारांत खरी गोची याच जागी आहे. मराठीसारख्या भाषेत वाक्यातल्या प्रत्येक अक्षराला बऱ्यापैकी सारखा वाव मिळतो. इंग्रजी ठोक्यांवर चालते, मधली अक्षरं चेपली जातात. ‘मेन बिल्ड वॉल्स’ आणि ‘द मेन हॅव बीन बिल्डिंग द वॉल्स’ या दोन्ही वाक्यांना ठोके तीनच. तीन टाळ्या वाजवा आणि दोन्ही त्यात बसवायला सांगा. ‘हॅव बीन’ आपोआप आक्रसतं. ध्वनिचिन्हं शिकवून जे साधत नाही ते इथे टाळ्यांनी साधतं, आणि अख्ख्या वर्गाने एकदम केलं की कुणाला लाजही वाटत नाही.

संहिता कुठून आणायची? लिहा. चार ओळी पुरतात, फक्त त्या मुद्दाम मोघम ठेवा:
‘इज इट रेडी?’
‘ऑलमोस्ट.’
‘ही इज वेटिंग.’
‘आय नो.’
हे कोण, कुठे, ‘इट’ म्हणजे काय, ‘ही’ म्हणजे कोण, हे गटाने ठरवायचं. एका गटाचे दोघे शस्त्रक्रियेच्या खोलीत असतात, दुसऱ्यांचे तिजोरी फोडत असतात, तिसऱ्यांचे नवरदेवाच्या कोटाचं बटण शिवत असतात. शब्द तेच, आवाज सगळे वेगळे. मग आधीच्या आणि नंतरच्या दोन-दोन ओळी मुलांनी लिहायच्या. लेखनाचा तास वेगळा घ्यावा लागत नाही.

‘आज काय शिकवलं ते सांगता येत नाही’ यावर उपाय सोपा आहे. खेळ निवडायच्या आधी व्याकरणाचा मुद्दा निवडा, मग तो मुद्दा ज्याच्यावाचून अडेल असा प्रसंग शोधा. चालू भूतकाळ हवा असेल तर चोरीचा तपास. दोन संशयित बाहेर जाऊन ‘काल रात्री आठ ते दहा आम्ही एकत्र होतो’ अशी बनाव-कथा रचतात. वर्ग त्यांना वेगवेगळं बोलावून उलटतपासणी घेतो: ‘व्हॉट वॉज शी वेअरिंग?’, ‘व्हेअर वेअर यू सिटिंग?’ उत्तरं जुळली नाहीत की पकडले. इतरांचं बोलणं सांगायचं वाक्य हवं असेल तर याच खेळाचा दुसरा दिवस: पंच नेमा आणि कोण काय म्हणालं ते त्यांना सांगायला लावा. वरिष्ठांना पुरावा हवा असेल तर फोनवर पहिल्या आणि तिसऱ्या फेरीचं ध्वनिमुद्रण ठेवा. किती वेळा अडखळलं, वाक्य किती लांब झालं, मोजून दाखवता येतं.

खेळाने सगळं होत नाही हेही सांगतो. अगदी कोऱ्या विद्यार्थ्यांवर संवाद लादू नका. आधी जेम्स अॅशर यांच्या पद्धतीप्रमाणे सूचना ऐकून नुसती कृती करू द्या, बोलणं मागाहून येतं. नवे शब्द खेळात शिकवत बसू नका, ते आधी द्या. निबंधाचा सराव निबंधानेच होतो. मोठ्या माणसांच्या वर्गात ‘गेम’ म्हटलं की अर्धे जण आतून मिटतात. ‘मुलाखतीची तालीम’ किंवा ‘तक्रारीच्या फोनचा सराव’ म्हणा, तेच लोक तोच खेळ जीव तोडून खेळतात. घरादारापासून तुटून आलेल्या शिकणाऱ्यांना स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग करायला कधीही सांगू नका. पात्र काल्पनिकच ठेवा.

दर आठवड्याला नवा खेळ शोधायच्या नादाला लागू नका. नव्या खेळाचे नियम समजावण्यात दहा मिनिटं जातात आणि ती दहा मिनिटं तुम्हीच बोलत असता. खिडकी, पुतळे, तपास, मोघम संहिता, गोंधळलेला माणूस, एवढे पाच वर्षभर पुरतात. बॅगेच्या जागी हरवलेलं मूल येतं, पहारेकऱ्याच्या जागी परग्रहावरचा पाहुणा. सांगाडा ओळखीचा झाला की चिठ्ठ्या वाटल्या वाटल्या वर्ग बोलायला लागतो. सुरुवात खिडकीपासून करा. चिठ्ठ्या आदल्या रात्री अर्ध्या तासात लिहून होतात, आणि पुढच्या वर्षीही त्याच चालतात.